मार सोसणारी पोलादं: ५१६० ते ३व्ही, कोणतं घ्यावं आणि त्याला पाणी कसं द्यावं

सुऱ्या-कोयते बनवायला पोलादाच्या पट्ट्या विकणाऱ्यांच्या यादीत निम्म्या पोलादांसमोर ‘अत्यंत चिवट’ असं लिहिलेलं असतं. त्यावर भरवसा ठेवून पट्टी आणली आणि पाणी देताना, म्हणजे तापवून तेलात बुडवून कडक करताना, भट्टी पन्नास-साठ अंश वर गेली, तर यादीतलं सगळ्यात चिवट पोलादही लाकडाच्या गाठीवर टवका टाकतं. म्हणून इथे गुण देताना दोन गोष्टी एकत्र धरल्या आहेत: पोलाद मुळात किती मार सोसतं, आणि साध्या कार्यशाळेत त्यातलं किती हाती लागतं. दुसऱ्या गोष्टीमुळे क्रम बराच बदलतो.

चिवटपणा म्हणजे घाव बसला तरी न तुटणं. टणकपणा वेगळा, तो रॉकवेल सी मापावर मोजतात. धार वळली तर पातं मऊ राहिलंय, टवका उडाला तर ठिसूळ झालंय. वळलेली धार दगडावर चार हात फिरवून परत येते. टवका काढायला मात्र अख्ख्या धारेचं अर्धा-एक मिलिमीटर पोलाद घासावं लागतं. कोयता किंवा जंगलात वापरायची सुरी करताना चूक व्हायचीच असेल तर मऊपणाकडे झालेली बरी.

चिवटपणा तीन गोष्टी खातात. पहिली, पोलादातले मोठे आणि कडक कार्बाइड, म्हणजे कार्बन आणि धातू मिळून बनलेले कण. दुसरी, तापवताना प्रमाणाबाहेर विरघळलेला कार्बन. विरघळलेला कार्बन ०.६ टक्क्यांच्या वर जाऊ लागला की बनणारं मार्टेन्साइट (झटकन गार केल्यावर पोलादात तयार होणारी कडक घडण) ठिसूळ जातीचं होत जातं. तिसरी, फुगलेला दाणा, म्हणजे पोलाद ज्यांचं बनतं ते स्फटिक मोठे होणं. पहिली गोष्ट पट्टी विकत घेताना ठरते, उरलेल्या दोन भट्टीत. १०९५, ओ१ आणि डी२ ही पोलादं या परीक्षणात का नाहीत याचं उत्तरही इथेच आहे. पहिली दोन धार छान धरतात पण घावाला कच्ची, आणि डी२ मधले क्रोमियम कार्बाइड इतके मोठे असतात की ते त्यांच्याही खाली जातं. कापायला ठीक, तोडायला नकोत.

५१६०

गाड्यांच्या स्प्रिंगच्या पाट्यांचं पोलाद. कार्बन सुमारे ०.६०, क्रोमियम ०.८, मँगनीज ०.९ टक्क्यांच्या आसपास. कार्बन जेमतेम असल्याने जास्त विरघळण्याचा धोका कमी आणि न विरघळलेले कार्बाइड जवळजवळ नाहीत, म्हणून चिवटपणात हे वरच्या रांगेत बसतं. क्रोमियम-मँगनीजमुळे तेलात उतरवायला थोडा जादा अवधी मिळतो. १०८४ सारख्या साध्या कार्बन पोलादात तो सेकंदाच्या आत संपतो. पाठीला सहा मिलिमीटर जाड असलेलं पातंही मध्यम वेगाच्या तेलात आतपर्यंत कडक होतं.

८३० अंश सेल्सिअस, त्या तापमानावर दहा मिनिटं, मग तेल. मग ठिसूळपणा घालवायला टेंपर, म्हणजे कमी तापमानावर पुन्हा तापवणं: २०० अंशांवर दोन तास, दोनदा. टणकपणा ५८ ते ५९ येतो. मोठ्या कोयत्याला, तलवारीला, कुऱ्हाडीला हेच घ्यावं. स्वयंपाकघरातल्या पातळ सुरीला मात्र घेऊ नये. कार्बाइड नसल्याने झीज लवकर होते आणि धार वरचेवर लावावी लागते. चिवट म्हणून सगळीकडे ५१६० वापरणाऱ्यांची ही तक्रार नेहमीची असते, पण त्यात दोष पोलादाचा नाही.

याच्या नावाखाली भंगारातला पाटा घेण्याचा मोह सगळ्यांना होतो. पाटा ५१६० चाच असेल असं नाही. सिलिकॉन-मँगनीजचे पाटेही तितकेच चालतात आणि त्यात सिलिकॉन दोन टक्क्यांपर्यंत असतं. शिवाय वर्षानुवर्षं वाकून सरळ झालेल्या पाट्यात डोळ्यांना न दिसणारे तडे असू शकतात. सगळं पातं घडवून, घासून झाल्यावर पाणी देताना त्यातला एखादा तडा उघडतो. शिकायला, हात बसवायला पाटा चांगला. कुणाला विकायच्या सुरीसाठी नवी पट्टीच घ्यावी. पातं करायला लागणाऱ्या मेहनतीपुढे पट्टीचा खर्च किरकोळ असतो.

८० सीआर व्ही २

एकच पोलाद ठेवायचं झालं तर हे. मूळचं लाकूड कापायच्या करवतींचं, युरोपात १.२२३५ या क्रमांकाने ओळखलं जाणारं. कार्बन ०.८, क्रोमियम अर्धा टक्का, व्हॅनेडियम ०.२ च्या आसपास. खरं काम तेवढं व्हॅनेडियमच करतं. त्याचे अतिसूक्ष्म कार्बाइड दाण्यांच्या सीमा धरून ठेवतात, त्यामुळे भट्टी वीस-तीस अंश इकडेतिकडे झाली तरी दाणा चटकन फुगत नाही. गॅसच्या भट्टीवर काम करणाऱ्याला असं माफ करणारं पोलाद मिळणं ही मोठी सोय आहे. चिवटपणात ५१६० च्या थोडं खाली, धार टिकण्यात वर.

कृती जरा सविस्तर देतो, कारण कमी मिश्रणाच्या बाकीच्या पोलादांनाही हीच लागू पडते.

घडवलेलं पातं असेल तर आधी नॉर्मलायझिंग, म्हणजे दाणा सारखा करायला तापवून हवेत गार करणं. पहिल्यांदा ८७० ते ९०० अंशांपर्यंत तापवून स्थिर हवेत काळं होऊ द्यायचं. लोहचुंबक परत चिकटू लागलं की आत रूपांतर झालं असं समजायचं. मग ८४० आणि शेवटी ८०० च्या जवळ, दर वेळी तसंच थंड करून. घण मारताना फुगलेला दाणा या तीन फेऱ्यांत बारीक होतो. कारखान्यातून आलेली, अनील केलेली (तापवून मऊ केलेली) पट्टी फक्त घासून आकार दिला असेल तर या फेऱ्या सहसा लागत नाहीत.

धार पाणी देण्याआधी घासून पातळ करू नये. तीन-चार मिलिमीटरच्या पट्टीवर धारेच्या जागी किमान पाऊण ते एक मिलिमीटर जाडी ठेवावी. त्याहून पातळ धार तेलात लाटेसारखी वळते, आणि वरच्या थरातला कार्बन जळून गेलेला भाग काढायलाही काही उरत नाही. घासल्याच्या आडव्या रेघा १२० ग्रिटपर्यंत पुसून टाकाव्या, कडांचे कोपरे किंचित मोडावे. खोल रेघ आणि टोकदार कोपरा, तडा बहुधा तिथूनच निघतो.

मग ८३० ते ८४५ अंश, दहा मिनिटं. विजेच्या भट्टीत हे सोपं. गॅसच्या भट्टीत लोखंडी नळी आत सरकवून पातं तिच्यात ठेवावं, म्हणजे ज्वाला थेट लागत नाही, आणि तापमान मोजणारा के-प्रकारचा थर्मोकपल पात्याच्या शेजारी न्यावा. ‘चुंबक चिकटेनासं झालं की तेलात’ हा सल्ला अर्धवट आहे. चुंबकत्व ७७० अंशांच्या सुमारास जातं. कार्बन नीट विरघळायला अजून साठेक अंश वर जावं लागतं. थर्मोकपल नसेल तर साधं मीठ उपयोगी पडतं. ते ८०१ अंशांना वितळतं. त्याच पोलादाच्या टाकाऊ तुकड्यावर चिमूटभर मीठ टाकून, ते पाघळतं तेव्हाचा रंग अंधाऱ्या कोपऱ्यात डोळ्यांत भरून घ्यावा आणि पातं त्याहून एक छटा उजळ झालं की थांबावं. पात्यावरच मीठ टाकू नये, गंजतं.

अंधारात नीट पाहिलं तर पात्यातून एक सावली सरकताना दिसते. पोलादाची आतली घडण बदलताना ते उष्णता शोषतं, म्हणून तेवढा भाग क्षणभर मागे पडल्यासारखा काळसर होतो. सावली टोकापासून निघून पाठीकडे जाते आणि शेवटी जाड भागात विरते. ती पूर्ण विरायच्या आत पातं बाहेर काढलं तर पाठीकडचा भाग कच्चा राहतो.

तेल साधारण ५० अंशांपर्यंत कोमट असावं. गार तेल दाट असतं आणि पात्याभोवती वाफेचा पडदा जास्त वेळ टिकतो. कॅनोलाचं खाद्यतेल चालतं; कामाचं प्रमाण वाढलं की हार्डनिंगसाठीचं मध्यम वेगाचं तेल घ्यावं, ते वर्षानुवर्षं टिकतं. गाडीचं जळकं तेल नको. धूर विषारी, आणि पोलाद किती वेगाने थंड होईल याचा काही नेम नाही. किलोभर पोलादाला आठ लिटर तेल हा ढोबळ हिशेब आहे, पण पातं पूर्ण उभं बुडेल इतकं खोल भांडं असणं जास्त महत्त्वाचं. अर्धवट बुडालेलं पातं पृष्ठभागावर आग लावतं. भांडं लोखंडी हवं, झाकण हाताशी हवं. पातं आत गेल्यावर धार-पाठीच्या दिशेने किंवा वर-खाली हलवावं. आडवं हलवलं तर एक बाजू आधी गार होते आणि पातं वाकतं.

आठ-दहा सेकंदांनी पातं बाहेर काढलं की काही क्षण मिळतात. पोलाद अजून पूर्ण कडक झालेलं नसतं, जाड हातमोज्यांनी दाबून बाक काढता येतो. हाताखाली ताण जाणवू लागला की थांबायचं. उरलेला बाक टेंपरिंगमध्ये काढावा: जाड लोखंडी पट्टीला शिकंज्याने आवळून, बाकाच्या उलट दिशेला पातळ पत्रा सारून. गार पात्यावर हातोडा मारणाऱ्यांच्या हाती दोन तुकडे येतात.

पातं कडक झालं असेल तर कानस त्याच्यावरून घसरली पाहिजे. पहिल्या एक-दोन हातांत पकडली तरी घाबरून पुन्हा तापवू नये. वरचा कार्बन गेलेला थर मऊ असतो. थोडं घासून परत बघावं. खाली पण कानस पकडत असेल तरच पाणी नीट बसलेलं नाही.

टेंपर तासाभरात, उद्यावर टाकू नये. टेंपर न केलेलं पातं स्वतःच्या ताणानेच तडकू शकतं. २०५ अंशांवर दोन तास, खोलीच्या तापमानापर्यंत गार, पुन्हा दोन तास. दुसरी फेरी वाचवू नये. पहिल्या फेरीनंतर गार होताना काही राहिलेल्या ऑस्टेनाइटचं (तापलेल्या पोलादाची घडण, जी तेलात पूर्ण बदलली नाही) नवं मार्टेन्साइट होतं, त्याला टेंपर मिळतो तो दुसऱ्या फेरीत. टणकपणा ६० च्या आसपास येतो. स्वयंपाकाचा ओव्हन वापरत असाल तर त्याच्या बटणावरचा आकडा सोडून द्या. आतलं तापमान पंधरा-वीस अंश सहज वर-खाली होतं. ट्रेमध्ये वाळू पसरून पातं तिच्यात पुरावं आणि वेगळा तापमापक ठेवावा.

निळ्या रंगाचा गैरसमज

‘चिवट हवं तर निळं होईपर्यंत टेंपर करा’ हा सल्ला अजून फिरतो. स्वच्छ घासलेल्या पोलादावर निळा रंग ३०० अंशांच्या जवळ येतो, आणि कमी मिश्रणाच्या पोलादांत नेमका २६० ते ३७० अंशांचा पट्टा धोक्याचा आहे. या पट्ट्यात टणकपणा उतरतोच, त्याबरोबर घाव सोसण्याची ताकदही घटते. म्हणजे पातं मऊही होतं आणि ठिसूळही. ५१६०, ८० सीआर व्ही २, ८६७०, ५२१०० ही सगळी १७५ ते २३० च्या आतच ठेवावीत. त्याहून मऊ हवं असेल तर टेंपर वाढवण्यापेक्षा पोलादच बदलणं शहाणपणाचं. सिलिकॉनवाल्या पाट्यांना थोडी सूट मिळते, कारण सिलिकॉन हा पट्टा वर ढकलतं.

पाठ मुद्दाम मऊ ठेवण्याबद्दलही असंच. फक्त धार तेलात बुडवलेलं पातं तुटत नाही हे खरं, पण ते वाकतं आणि वाकलेलंच राहतं. पूर्ण कडक करून नीट टेंपर केलेलं ५१६० वाकून परत येतं. मऊ पाठ तापमानाचा नेम नसलेल्या काळातला विमा होता. आता तो विकत घ्यायचं फारसं कारण उरलेलं नाही. कडकपणाची नक्षी पात्यावर दिसावी एवढ्यासाठी करायचं असेल तर गोष्ट वेगळी.

८६७०, आणि जोडीला १५एन२०

८६७० मध्ये कार्बन ०.७, निकेल पाऊण-एक टक्का. मोठ्या गोल करवतींसाठी बनलेलं. ८३० अंशांवरून तेलात, २०० ला टेंपर, ५९ ते ६० टणकपणा. या टणकपणाला घावाच्या चाचणीत ते ५१६० च्या बरोबरीला किंवा वर जातं. शुद्ध चिवटपणाचा निकाल लावायचा तर कमी मिश्रणाच्या पोलादांत पहिला क्रमांक याचाच. तरी ८० सीआर व्ही २ ला पसंती का? धार थोडी जास्त टिकते म्हणून, आणि बहुतेक सुऱ्यांना ८६७० इतका चिवटपणा लागतच नाही म्हणून. कोयता करायचा आणि दोन्ही समोर असतील तर ८६७० उचला.

१५एन२० मध्ये निकेल दोन टक्के. थरांच्या पोलादात चमकदार रेघ म्हणून सगळे ओळखतात, पण एकटं वापरलं तरी पातळ सुरीला उत्तम आहे. अडचण एवढीच की ते बहुधा पातळ पट्टीतच मिळतं.

५२१००

बेअरिंगचं पोलाद. कार्बन १ टक्का, क्रोमियम दीड. कार्बाइड भरपूर पण अतिशय बारीक, म्हणून धारही टिकते आणि चिवटपणाही बऱ्यापैकी राहतो. वरच्या तिघांइतका नाही, ओ१ पेक्षा मात्र स्पष्ट जास्त. स्वयंपाकघरातल्या आणि शिकारीच्या सुऱ्यांसाठी हे सुंदर पोलाद आहे.

पण हे भट्टीवर सूड घेतं. पोलादात कार्बन १ टक्का असला तरी विरघळवायचा जेमतेम ०.६. तो नियंत्रणात ठेवायचं साधन एकच, तापमान. ८३० अंशांवर दहा मिनिटं हे योग्य. तेच पातं ८८०-९०० ला गेलं तर जास्तीचा कार्बन विरघळतो, मार्टेन्साइट ठिसूळ होतं आणि बरंच ऑस्टेनाइट तसंच मागे राहतं. गंमत अशी की कानस तरीही घसरते, त्यामुळे बनवणाऱ्याला पत्ता लागत नाही आणि टवके वापरणाऱ्याच्या हातात उडतात. उलट, कारखान्यातून आलेल्या पट्टीत कार्बन गोल कार्बाइडमध्ये बांधलेला असतो. भट्टीत झटपट तापवून दोन मिनिटांत तेलात घातलं तर तो सुटत नाही आणि पातं मऊ राहतं. म्हणजे कमीही नको, जास्तही नको, आणि दहा मिनिटं स्थिर हवं. ज्याच्याकडे तापमान धरून ठेवणारी भट्टी नाही त्याने ५२१०० घेऊ नये, एवढा साधा निकाल. १७५ अंशांवर टेंपर केलं तर ६२ च्या वर, २०५ ला ६१ च्या जवळ. चिवटपणासाठी घेतलंय तर २०५ कडे झुकावं.

एईबी-एल

न गंजणाऱ्यांत पहिली पसंती. मूळचं दाढीच्या पात्यांचं स्वीडिश पोलाद. कार्बन ०.६७, क्रोमियम १३ टक्के, आणि कार्बाइड इतके बारीक की चिवटपणात ते बिनगंजाच्या बहुतेक पोलादांना मागे टाकतं. १४सी२८एन हे याच वळणाचं, नायट्रोजनमुळे गंजाला आणखी दाद न देणारं.

इथे गॅसच्या भट्टीचं काम नाही. १०६५ ते १०८० अंश, दहा ते पंधरा मिनिटं, तेही पातं स्टेनलेस फॉइलच्या पाकिटात सीलबंद करून. पाकिटाच्या कडा दोनदा दुमडाव्या, एकदा दुमडलेली कड तापल्यावर उघडते आणि हवा आत जाते. वेळ मोजायची ती पाकिट तापमानाला पोचल्यापासून. बाहेर काढल्यावर फॉइलसकट अॅल्युमिनियमच्या दोन जाड पाट्यांमध्ये दाबायचं. पंचवीस मिलिमीटरच्या पाट्या पुरतात. यात पातं सरळही राहतं, म्हणून पातळ पट्टीला आधी अजिबात न घासता कडक करून मग घासणं सोयीचं. हात लावण्याइतकं गार झालं की लगेच अतिशीत करावं, म्हणजे शून्याच्या बरंच खाली न्यावं. द्रव नायट्रोजन किंवा कोरडा बर्फ असेल तर उत्तम. घरच्या फ्रीजरचा फायदा थोडा, पण काहीच न करण्यापेक्षा बरा. टेंपर १७५ ते २०० ला, दोनदा. ४०० च्या वर टेंपर करू नये, गंजरोध जातो. तापमान ११०० च्या पलीकडे नेल्यास टणकपणा वाढायच्या ऐवजी घटतो, कारण ऑस्टेनाइट मागे राहतं.

सीपीएम ३व्ही

पावडरपासून बनवलेलं, कार्बन ०.८, क्रोमियम साडेसात, व्हॅनेडियम पावणेतीन टक्के. चिवटपणा आणि झीज न होणं, दोन्ही एकाच पट्टीत हवं असेल तर या यादीत त्याला तोड नाही. साडेसात टक्के क्रोमियम ऐकून ते गंजणार नाही असं समजू नये, डाग पडतात. १०६५ अंशांच्या आसपास तापवणं आणि ५४० ला तीन वेळा टेंपर, हा पोलाद बनवणाऱ्यांचा मूळ नुस्खा, टणकपणा ५८ ते ६०. घासायला बेल्ट खातं, धार लावायला हिऱ्याचा दगड मागतं. एक-दोन सुऱ्यांसाठी भट्टीची तयारी करण्यापेक्षा निर्वात भट्टीवाल्याकडे पाठवावं, आणि पाठवताना टणकपणाचा आकडा व अतिशीत हवं की नको ते लेखी द्यावं. ‘कडक करून द्या’ एवढंच लिहिलं तर तो साच्यांना देतो तीच प्रक्रिया करून देईल.

पट्टी नवी आली की

अंगठ्याच्या रुंदीचे दोन-तीन तुकडे कापून, नेहमीच्याच पद्धतीने तेलात घालावेत. टेंपर न करता फडक्यात गुंडाळून, शिकंज्यात धरून, डोळ्यांवर चष्मा लावून हातोड्याने मोडावेत. तुटलेला पृष्ठभाग उजेडात धरावा. राखाडी, मऊ, मखमली दिसला तर दाणा बारीक आहे. खडीसाखरेसारखे चमचमणारे कण दिसले तर तापमान जास्त झालं. पुढचा तुकडा वीस अंश खाली घेऊन पुन्हा मोडावा. तुकडा न मोडता वाकला तर उलट, कमी तापला किंवा तेल संथ पडलं. पातं बिघडवण्यापेक्षा हे तीन तुकडे स्वस्त.

तयार पात्याची धार सहा मिलिमीटरच्या पितळी सळईवर साधारण वीस अंशांच्या कोनात दाबून ओढावी. धार सळईवर किंचित फुगून मागे यायला हवी. टवका उडाला तर टेंपर १० ते १५ अंश वाढवून आणखी दोन तास. वळून तशीच राहिली तर लगेच पुन्हा पाणी द्यायला धावू नका. आधी धारेचा पाव मिलिमीटर घासून नवी धार लावा, बऱ्याचदा खाली चांगलं पोलाद असतं. तरीही वळली तर धारेमागची जाडी मोजा. तोडायच्या पात्याला धारेमागे ०.५ ते ०.७ मिलिमीटर आणि दर बाजूला वीस-पंचवीस अंशांचा कोन लागतो. भाजीच्या सुरीची ०.२ मिलिमीटरची धार हाडावर आपटली तर ८६७० सुद्धा वाचवू शकत नाही.

शेवटचं घासताना हातमोजे काढून ठेवावेत आणि बेल्टवरच्या प्रत्येक फेरीनंतर पातं पाण्यात बुडवावं. बोटांना चटका बसला की थांबायचं. धारेवर गवती पिवळी छटा उमटली म्हणजे तेवढा भाग टेंपरच्या वर गेला. तो घासून काढावा लागतो, पुसून जात नाही.